समरकंद-बुखाराची अभ्यास सहल : भिंतींवरची अक्षरं कोण वाचणार?

आपल्या घरात 'बुखारी शरीफ' हे नाव ऐकलं नाही असं मूल सापडणार नाही. पण शाळेत एकदा आम्ही विचारलं, "बुखारी म्हणजे काय?" तर एक मुलगा म्हणाला, "सर, आडनाव आहे ना?" बुखारा नावाचं शहर आहे, ते आजही जागेवर आहे आणि दिल्लीहून विमानानं तीनेक तासांत त्या देशात उतरता येतं, हे वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यापैकीही निम्म्या शिक्षकांनी नकाशा नंतर उघडून पाहिला.

त्यातूनच ही सहल निघाली. उमराह नव्हे, निव्वळ पर्यटनही नव्हे. आम्ही काही शिक्षक, आमच्या घरची माणसं आणि मुलं, दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस उझबेकिस्तानात होतो. ताश्कंद, समरकंद, गिज्दुवान आणि बुखारा. परतल्यापासून लोक विचारतात, काय काय पाहिलं, जावं का, मुलांना न्यावं का. म्हणून हे लिहितोय.

आधी हे सांगायला हवं की हीच भूमी का. हदीसच्या सहा प्रमुख किताबांपैकी दोन किताबांचे संकलक, इमाम बुखारी (रह.) आणि इमाम तिर्मिजी (रह.), आजच्या उझबेकिस्तानच्या हद्दीतले. तिर्मिज म्हणजे अफगाण सरहद्दीजवळचं तेरमेझ. आपल्या मदरशांत फिकहची जी 'हिदाया' शिकवतात तिचे लेखक मर्गिनानी (रह.) फरगाना खोऱ्यातले. अकीद्याच्या बाबतीत हनफी लोक ज्यांचं नाव घेतात ते इमाम मातुरीदी (रह.) समरकंदचे. म्हणजे आपल्याकडचा मौलवी साहेबांचा अर्धा अभ्यासक्रम या एका पट्ट्यातून आला आहे.

ताश्कंद : नुक्ते नसलेलं कुरआन

ताश्कंदमध्ये सगळ्यात आधी हजरती इमाम संकुल गाठलं. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या मुई मुबारक वाचनालयात तो मशहूर मुसहफ काचेच्या पेटीत ठेवलेला होता. कातड्यावर लिहिलेली मोठमोठी पानं, जाड कूफी अक्षरं. रिवायत अशी की हा हजरत उस्मान (रजि.) यांचा मुसहफ. लिपीचे अभ्यासक तो त्यानंतरचा, इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासचा मानतात. आम्ही मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक ऐकवून दुसरी लपवायची, हे शिक्षकाला शोभत नाही.

या मुसहफनं सफरही केला आहे. 1869 मध्ये रशियन अधिकाऱ्यांनी तो समरकंदहून सेंट पीटर्सबर्गला नेला. क्रांतीनंतर तो उफा शहरातल्या मुसलमानांकडे गेला आणि 1920 च्या दशकात मध्य आशियात परतला. पण मुलांचं लक्ष इतिहासाकडे नव्हतंच. नाजिरा पूर्ण केलेला एक मुलगा काचेला नाक लावून उभा होता. म्हणाला, "यात नुक्तेच नाहीत! मग बे कुठली, ते कुठली, कसं कळायचं?" सुरुवातीच्या काळात बहुतेक नुक्त्यांशिवाय लिहीत, वाचणाऱ्याला आयत आधीच पाठ असायची, कागद नुसता आठवण द्यायला. जेर-जबर आणि नुक्ते यांचा पक्का रिवाज पुढे पडला, जेव्हा अरबी न जाणणारे लोक इस्लाममध्ये आले. ही गोष्ट वर्गात फळ्यावर दहा वेळा सांगून जमत नाही. तिथे दोन मिनिटांत कळली.

ताश्कंदमध्येच लालबहादूर शास्त्रींचा पुतळा आहे. करारानंतर 11 जानेवारी 1966 ला इथेच त्यांचा इंतकाल झाला. मुलांनी फोटो काढले, आम्ही पुढे चोर्सू बाजारात गेलो. मोठ्या निळ्या घुमटाखालचा हा बाजार आम्हाला म्युझियमपेक्षा जास्त आवडला. सुका मेवा, लोणची, मांस, आणि नान. नान गोल, मधे दाबलेली, त्यावर ठशाची नक्षी. ती कधी पालथी ठेवायची नाही. आमच्यातल्या एकानं चुकून ठेवली तर शेजारच्या म्हाताऱ्यानं न बोलता सरळ करून दिली. आपल्या आजीची आठवण झाली.

'सब्जी' मागितली आणि गाजर आलं

भाषेची सर्वात जास्त मजा आली. उझबेक ही तुर्की घराण्यातली भाषा, पण शब्द निम्मे ओळखीचे निघतात. शाळेला 'मक्तब'. शिक्षकाला 'उस्तोज'. प्रश्न 'सवोल', उत्तर 'जवोब', परीक्षा 'इम्तिहोन'. शुक्रिया म्हणायचं तर 'रहमत'. आपल्याकडे 'आ' तिथे 'ओ', एवढं ध्यानात ठेवलं की अर्धं काम झालं.

पण ओळखीचे शब्द फसवतातही. मराठीत दप्तर म्हणजे पाठीवरची पिशवी किंवा कचेरीतले कागद, तिथे 'दफ्तर' म्हणजे वही. 'कलम' म्हणजे पेन नव्हे, पेन्सिल. आणि आमचे एक सहकारी पोट बिघडल्यामुळे हॉटेलात ऐटीत 'सब्जी' मागून बसले. समोर आली ती गाजरांची बशी. उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर! पुढचे चार दिवस त्यांना मुलं 'गाजर सर' म्हणत होती.

खाण्याचं म्हणाल तर हलालची चिंता नाही. पण तिखटाची सवय असणाऱ्यांनी लोणचं सोबत न्यावं. तिथला पुलाव, ज्याला ते 'ओश' म्हणतात, तो तांदूळ, गोश्त, पिवळं गाजर आणि जिरं एवढ्यावरच होतो. मिरची नाही, गरम मसाला नाही. ताश्कंदला सगळं एकत्र कालवून देतात, समरकंदला थर तसेच ठेवतात, आणि दोन्ही शहरांचे लोक आपलाच खरा म्हणून भांडतात. आमच्या बायकांनी दोघांनाही नापास केलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच ओशच्या दुसऱ्या बशीसाठी हात पुढे होते. चहा हिरवा, बिनसाखरेचा. आधी पियाल्यात ओतून परत किटलीत, असं तीनदा करून मग पाहुण्याला देतात. जेवण झालं की सगळे हात उचलून छोटी दुआ करतात आणि चेहऱ्यावरून हात फिरवतात. रस्त्यानं कब्रस्तान गेलं तरी बसचा ड्रायव्हर एक हात चेहऱ्यावरून फिरवायचा.

एकाच रस्त्यावर तीन लिप्या

आता मुख्य गोष्ट. समरकंदला रेल्वेनं गेलो, 'अफ्रोसियोब' नावाची वेगवान गाडी आहे, दोन तासांच्या थोडं वर लागतात. रेगिस्तान चौकात उभं राहिल्यावर बोलणं बंदच झालं. तीन बाजूंना तीन मदरसे : उलुगबेगचा पंधराव्या शतकातला, समोर शेरदार आणि मधे तिल्लाकारी हे दोन सतराव्या शतकातले. निळ्या फरशांवर वरपासून खालपर्यंत लेखन. आम्ही सवयीनं वाचू लागलो. कूफी तर नक्षीसारखी चौकटीत बसवलेली, ती सुटली नाही, पण सुलुस खतातले कितीतरी शब्द सुटे करता आले. अल्लाह, मुहम्मद, सुलतान, आणि हिजरी सनाचे शब्द.

आमचा गाइड पंचविशीतला, हुशार, इंग्रजी फर्डं. तो आमच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुम्ही हे वाचू शकता?" आम्हाला वाटलं मस्करी करतोय. नव्हता करत. तो रोज तिथे लोकांना घेऊन येतो, इमारतींची सनावळी तोंडपाठ, पण भिंतीवरचं एक अक्षर त्याला येत नव्हतं.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. 1920 च्या दशकापर्यंत उझबेक भाषा अरबी लिपीत लिहिली जायची. सोव्हिएत राजवटीत 1929 च्या सुमारास ती लॅटिन झाली. 1940 मध्ये पुन्हा बदलून सिरिलिक, म्हणजे रशियन अक्षरं. देश स्वतंत्र झाल्यावर 1993 मध्ये पुन्हा लॅटिनचा कायदा झाला. आजही दुकानाची पाटी लॅटिनमध्ये, शेजारच्या जुन्या दवाखान्याची सिरिलिकमध्ये आणि मागच्या मदरशाची अरबीत, असं एका रस्त्यावर दिसतं. पणजोबांचं पत्र आजोबांना वाचता आलं नाही, आजोबांचं पुस्तक नातवाला अवघड जातं. त्यात भर म्हणजे मशिदी आणि मदरसे बहुसंख्य बंद, कुठे गोदाम, कुठे म्युझियम. घरात अरबी लिपीतलं पुस्तक सापडणं धोक्याचं असायचं, त्यामुळे कुणी पुरली, कुणी भिंतीत चिणली.

त्या रात्री हॉटेलात आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. त्यांच्यावर तर हुकूम आला होता. आपल्यावर कुणी बंदी घातली? आपल्या कितीतरी घरांत दादीला उर्दू वाचता येते, अम्मीला अडखळत, आणि मुलाला अजिबात नाही. कुरआन नाजिरा होतो, अक्षरं ओळखीची असतात, पण जेर-जबर काढून घेतले की वाचन थांबतं. कपाटातल्या किताबी रद्दीत जात नाहीत, कारण दीनी आहेत, आणि उघडल्याही जात नाहीत. हे मराठीविरुद्ध बोलणं नव्हे. हा लेखच मराठीत आहे, आमची रोजीरोटी दोन्ही भाषांवर आहे, आणि मराठी पक्की झालेलं मूल उर्दूही लवकर धरतं हे आम्ही रोज बघतो. दिवसाची पंधरा मिनिटं काढायची असतात, ती निघत नाहीत, एवढंच.

समरकंदच्या आवडत्या जागा

मुलांना सर्वांत आवडली ती उलुगबेगची वेधशाळा. तैमूरचा हा नातू बादशाह होता आणि खगोलशास्त्रीही. चाळीस मीटर त्रिज्येचं दगडी कोनमापक त्यानं बांधलं. वेधशाळा नंतर पाडली गेली, जागाही विस्मरणात गेली, 1908 मध्ये खोदकामात तिचा जमिनीखालचा भाग सापडला. खोल खड्ड्यात उतरणारी ती वक्र दगडी पट्टी पाहून गणिताच्या शिक्षकांना राहवलं नाही, त्यांनी तिथेच अंशांचा तास घेतला. इथे एक हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी तयार झाली आणि पुढे जयपूरच्या सवाई जयसिंहांनी आपल्या जंतरमंतरच्या कामात याच परंपरेचा आधार घेतला. दीनी सहलीत हे कशाला, असं एका पालकांनी विचारलं. नमाजची वेळ आणि किबल्याची दिशा काढायला काय लागतं, असं उलट विचारल्यावर ते हसले.

शाह-ए-जिंदाच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना मोजायच्या, आकडा जुळला तर मुराद पूर्ण, अशी तिथली लोककथा. मुलांनी तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा वेगळ्या. वर पैगंबर (स.) यांचे चुलतभाऊ कुसम इब्न अब्बास (रजि.) यांची मजार आहे.

कोनिगील गावात तुतीच्या सालीपासून जुन्या पद्धतीनं कागद करतात. ओढ्यावरचं लाकडी चाक फिरतं, त्यावर मुसळं वरखाली होऊन लगदा कुटतात. मग चाळणीनं उचलून, वाळवून, दगडानं घासून गुळगुळीत करतात. समरकंदी कागदावर किती मुसहफ, किती हदीसच्या प्रती लिहिल्या गेल्या असतील! आमच्यातल्या औरंगाबादच्या मंडळींना चाक पाहून आपली पाणचक्की आठवली. त्यांना माहीत नव्हतं की दोन दिवसांत ती आठवण खरीच जोडली जाणार आहे.

समरकंदपासून पंचवीसेक किलोमीटरवर खरतंग. इथे इमाम बुखारी (रह.) यांची मजार. 1998 मध्ये मोठं संकुल झालं, अलीकडच्या वर्षांत पुन्हा भव्य काम झालं, त्यामुळे इमारतीत जुनेपणा शोधू नका. आम्ही एका बाजूला बसून मुलांना एकच किस्सा सांगितला. इमाम साहेब बुखाऱ्याला परतले तेव्हा तिथल्या हाकिमानं निरोप धाडला, महालात येऊन माझ्या मुलांना शिकवा. इमाम साहेबांनी नकार दिला, इल्म हवं त्यानं मशिदीत यावं, सर्वांसोबत बसावं. परिणाम असा की ज्या शहराचं नाव त्यांच्यामुळे जगभर गेलं ते शहर त्यांना सोडावं लागलं. या छोट्या गावात नातेवाइकांकडे असताना हिजरी 256 मध्ये, म्हणजे सन 870 ला, ईदुल फित्रच्या रात्री त्यांचा इंतकाल झाला. ट्यूशनच्या या जमान्यात हा किस्सा शिक्षकांनाच जास्त टोचतो. कुणी काही बोललं नाही.

इथे एक तक्रारही. आमच्या टूरवाल्यानं कागदावर इमाम बुखारींसाठी अर्धा तास आणि शॉपिंगसाठी तीन तास ठेवले होते. भांडून बदलून घेतलं. तुम्ही जाल तेव्हा निघण्याआधीच वेळापत्रक ठिकाणागणिक लिहून घ्या.

गिज्दुवान आणि पाणचक्की

समरकंदहून बुखाऱ्याला मुद्दाम बसनं गेलो, कारण वाटेत गिज्दुवान लागतं. पर्यटक तिथे मातीची भांडी आणि तळलेले मासे यांसाठी थांबतात. आम्ही ख्वाजा अब्दुलखालिक गिज्दुवानी (रह.) यांच्या मजारवर गेलो. नक्शबंदी सिलसिल्याच्या मूळ बुजुर्गांपैकी हे एक. आणि औरंगाबादच्या पाणचक्कीत ज्यांच्या मजारी आहेत ते बाबा पलंगपोश आणि बाबा शाह मुसाफिर, दोघंही मूळ याच गावचे! औरंगजेबाच्या काळात ते दख्खनला आले. तकिया, मदरसा, किताबखाना, सगळं त्यांच्या सिलसिल्यानं उभं केलं. आपण पाणचक्कीत हौदातले मासे बघतो, फोटो काढतो, परत येतो. हे नातं आमच्यातल्या औरंगाबादकरांनाही इथे येऊन कळलं.

मजारजवळच्या इमाम साहेबांना आम्ही सांगितलं की तुमच्या गावचे दोन बुजुर्ग आमच्याकडे झोपले आहेत. त्यांनी नावं लिहून मागितली. आम्ही उर्दूत लिहून दिली, त्यांनी अरबी शिकलेली असल्यानं लगेच वाचली, आणि हात उचलून दोघांसाठी दुआ केली. बुखाऱ्याजवळ ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद (रह.) यांच्या मजारवरही गेलो, तिथे गर्दी फार.

बुखारा

बुखारा पायी फिरायचं शहर आहे. 1127 चा कलान मिनार, समोर मीर-ए-अरब मदरसा. सोव्हिएत काळात बाकी मदरसे बंद असताना दुसऱ्या महायुद्धानंतर हा एक पुन्हा सुरू होऊ दिला गेला, आणि आजही चालू आहे. म्हणून पाहुण्यांना दारापर्यंतच प्रवेश. जाळीतून कोवळे तालिबे इल्म किताबी घेऊन जाताना दिसले, आमची पोरं त्यांच्याकडे बघत होती आणि ते आमच्याकडे.

बुखाऱ्यातल्या उलुगबेग मदरशाच्या दारावर इल्म मिळवणं फर्ज असल्याची मशहूर हदीस आहे. त्यात 'इल्म' शब्द कोण आधी शोधतं अशी मुलांत शर्यत लागली. आमच्यातल्या बायकांना मात्र काही मशिदींत नमाजला जागा मिळाली नाही, तिथे बायका सहसा घरीच पढतात. हदीस दारावर आणि आपण दाराबाहेर, असं एक मॅडम म्हणाल्या ते बरोबरच होतं. बायका सोबत असतील तर नमाजची सोय मुक्कामाच्या ठिकाणी धरून चला.

जुन्या गल्लीतल्या एका घरगुती मुक्कामात आम्ही उतरलो होतो. मधे अंगण, डाळिंबाचं झाड. घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, त्यांना सगळे 'बीबी' म्हणत. बुखाऱ्यात बऱ्याच घरांत फारसीचंच एक रूप, ताजिक, बोलतात. शेवटच्या दिवशी आमच्यातली आठवीतली एक मुलगी अंगणात उर्दू पुस्तक वाचत बसली होती. बीबींनी पाहिलं, आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आल्या. पाच किताबी. कडा कुरतडलेल्या, एकीवर जुनी माती. त्यांच्या सासऱ्यांच्या होत्या म्हणे, कित्येक वर्षं भिंतीत होत्या. घरात कुणालाच वाचता येत नाहीत.

मुलीनं पहिली उघडली. फारसी होती. तिला अर्थ लागत नव्हता, पण अक्षरं उर्दूचीच, ती सावकाश वाचू लागली. बीबींना अक्षर कळत नव्हतं, पण ऐकलेलं सगळं समजत होतं. दोन ओळींनंतर त्या थांबवून उच्चार दुरुस्त करू लागल्या, 'किताब' नाही, 'किताोब' म्हण. चौथ्या पानावर हजरत इब्राहीम (अलै.) यांचा किस्सा आला तेव्हा बीबी मुलीच्या आधीच पुढचं सांगू लागल्या. लहानपणी सासरे रात्री हाच किस्सा तोंडी सांगायचे, कुठून सांगायचे ते त्यांना त्या दिवशी कळलं.

आम्ही बाकीची शीर्षकं वाचून चिठ्ठ्या केल्या. वर उर्दू अक्षरांत नाव, खाली त्यांच्या नातवानं लॅटिनमध्ये. चार झाल्या. पाचवीचं पहिलं पान फाटलेलं होतं, ती कशाची आहे ते शोधेपर्यंत स्टेशनची गाडी दारात आली.

नातू आता अधूनमधून टेलिग्रामवर पानांचे फोटो पाठवतो. मुलगी वाचून आवाज पाठवते, बीबी ऐकतात आणि चुका सांगतात. मागच्या आठवड्यात एकाच शब्दावर तीन निरोप आले. पाचव्या किताबीची बावीस पानं झाली आहेत.